एकशे चाळीस अंश

३ फेब्रुवारी

डायरी लिहिणाऱ्यातला मी नव्हे. ही वही दुकानातली आहे, पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. मागून सुरुवात करतोय, कारण आज जे झालं ते तारीखवार लिहून ठेवलं पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर चाचपडायला नको.

पावणेदहाला दुकानासमोर गाडी लावायला डावीकडे वळलो. रस्ता रिकामा होता, अगदी स्वच्छ रिकामा. आणि खाडकन आवाज झाला. पाहतो तर डावा आरसा तुटून वायरीला लोंबकळतोय आणि पलीकडे एक निळी स्कूटर आडवी पडलीय. स्कूटरवाली बाई उठून कपडे झटकत होती. आमच्या रस्त्यावर पार्सलं पोचवते तीच. तिला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, "कुठून आलीस गं अशी मध्येच?"

"मध्येच? तुमच्या शेजारूनच चाललेय कधीची. हॉर्न वाजवून हात दुखला माझा."

मग तिने वर आमच्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चष्म्याचं दुकान तुमचंच ना काका? मग आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या."

पायरीवर तीन गिऱ्हाइकं उभी होती. एक जण हसला. एकतीस वर्षं मी या रस्त्यावर लोकांचे डोळे तपासतोय आणि माझ्याच पायरीवर मला हे ऐकावं लागलं. या बाईला मी सोडणार नाही.

४ फेब्रुवारी

घरी कुणी सांगितलं देव जाणे. बायकोनेच सांगितलं असणार. जेवताना सून म्हणाली, "बाबा, उद्यापासून चिमणी शाळेच्या बसने जाईल."

मी विचारलं का. तिने मुलाकडे पाहिलं, मुलाने ताटाकडे पाहिलं. मग तिने एकेक मोजून दाखवलं. डिसेंबरात सोसायटीच्या फाटकाचा खांब, जानेवारीत फूटपाथची कड, आणि आता ही स्कूटर. मी म्हटलं, खांब बांधणाऱ्याने पुढे बांधलाय, त्याला मी काय करू? 

नात सात वर्षांची आहे. दोन वर्षं रोज सकाळी मी तिला शाळेत सोडतोय. वाटेत आमचा एक खेळ असतो. एका बाजूच्या लाल गाड्या तिने मोजायच्या, दुसऱ्या बाजूच्या मी. हल्ली ती मला डावी बाजू देते आणि रोज हरवते. लबाड आहे. दिवसातली ती वीस मिनिटं फक्त माझी होती, आणि ती त्या स्कूटरवालीने घालवली.

६ फेब्रुवारी

उपाय सापडला. गाडीत कॅमेरा बसवायचा. समोरच्या काचेला लावायचा, रस्त्यावर जे होईल ते आपोआप टिपलं जातं. ती बाई पुन्हा आडवी येणार, अशा बायका येतातच, आणि तेव्हा माझ्याकडे पुरावा असेल. तो आधी सुनेला दाखवीन, मग त्या बाईच्या कंपनीला. पायरीवर हसलेल्या माणसाचा पत्ता माझ्याकडे आहे, त्यालाही बोलावीन.

फार महागातला नको. सूड घ्यायचाय, सिनेमा काढायचा नाही.

९ फेब्रुवारी

चौकातल्या बॅटरीवाल्याकडे गेलो. आम्ही दोघं शाळेपासूनचे. त्याने काउंटरवर सहा डबे मांडले.

"हा घे, एकशे सत्तर अंश. कोपरान् कोपरा दिसतो."

मी त्याला भिंगं शिकवली. म्हटलं, इतक्या रुंद भिंगात कडा वाकतात, स्कूटर केळ्यासारखी दिसेल, आणि मधला नंबर बारीक होईल. नव्वद अंशाचा घेतला तर बाजूने येणारा दिसणारच नाही, समोरचं तेवढं दिसेल. तो बिनकामाचा. गाडीला एकशे चाळीस हवा. माणसाला दोन्ही डोळ्यांनी जवळपास एकशे ऐंशी अंश दिसतं, पण ते निसर्गाचं देणं आहे, बजेटमधलं नाही.

तो म्हणाला, "तुझ्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं तर मी दुकान बंद करीन."

त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. आत बॅटरी असलेला घेऊ नकोस, उन्हात फुगते. बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला घे, त्याला ऊन चालतं. पण तसा त्याच्याकडे नव्हता, आणि मला धीर नव्हता. सगळ्यात स्वस्त होता तो घेऊन आलो.

निघताना त्याच्या काचेच्या दारावर डावा खांदा आपटला. घरच्या न्हाणीच्या चौकटीवरही आपटतो. हल्ली कुणालाच दारं नीट बसवता येत नाहीत.

१४ फेब्रुवारी

दुकानात एका पन्नाशीच्या गृहस्थांना झापलं. आईला काचबिंदू होता, आणि यांनी स्वतःच्या डोळ्यांचं प्रेशर जन्मात मोजलेलं नाही. म्हटलं, अहो, काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो आणि समोरचं मात्र शेवटपर्यंत लख्ख दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो. माझे वडील शेवटची सात वर्षं भिंत धरून चालले, मला नका सांगू. चिठ्ठी देऊन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हीसुद्धा एकदा जाऊन या ना. तुमचं प्रेशर मोजून सहा वर्षं झाली."

तिचं तोंड बंद करायला तिथल्या तिथे खुर्चीत बसलो आणि समोरचा तक्ता वाचला. डाव्या डोळ्याने, उजव्या डोळ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. तक्ता मला पाठ आहे हे खरं, पण दिसतही होता. ती चहा करायला गेली. तिचं एक नवीनच चाललंय, कप नेहमी उजव्या हाताशी आणून ठेवते. डावीकडे ठेवला की मी सांडतो म्हणे.

१७ फेब्रुवारी

स्वस्त कॅमेरा टाकाऊ निघाला. डब्यावर मोठमोठे आकडे, आणि चित्रात पुढच्या गाडीचा नंबर म्हणजे नुसतं पिठलं. दुपारी ऊन लागलं तसा काचेवरून सुटून माझ्या मांडीवर पडला. परत द्यायला गेलो तर बॅटरीवाला म्हणाला, "सांगितलं होतं."

त्याने कपॅसिटरवाला मागवून दिलाय. एकशे चाळीस अंश, भिंग चांगलं, आवाजही टिपतो. तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून साठवतो, जागा भरली की जुने पुसतो. पण गाडीला दणका बसला की तो तुकडा कुलूपबंद होतो, पुसला जात नाही. हे मला फार आवडलं. मीही तसाच आहे.

गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवणारी एक वायर मिळते. ती इथे नव्हती, दुसरीकडून मागवली. येईल तेव्हा येईल.

२२ फेब्रुवारी

बसवला. आतल्या आरशाच्या मागे, बरोबर मधोमध. वायर छताच्या कडेने खोचून घेतली. चिमणी मदतीला होती. तिने विचारलं, "आबा, हा काय पकडणार?"

"चोर."

"काय चोरलं त्याने?"

मी म्हटलं, तुझी सकाळ.

१ मार्च

आठवडा झाला, बाई आडवी येत नाही. लांबून दिसते, समोरून जाते, नियमाने जाते. मुद्दाम करत असणार.

आज दुकान बायकोवर सोपवून तिच्या मागावर गेलो. ती साडेनऊला गोदामातून निघते, मग शाळेचा रस्ता, मग आमचा. आता मीही साडेनऊला निघेन. ती रोज त्या रस्त्याने जाते तर मलाही जायला कुणाची बंदी नाही.

बायको म्हणाली, "या वयात एका बाईचा पाठलाग करताय, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक जे म्हणाले तेच तर पुसायचंय.

५ मार्च

मुलाने हळूच विषय काढला. "बाबा, एखादा ड्रायव्हर ठेवू या का?"

तो कधी खोलीत आला ते कळलंच नाही. कानाशी एकदम आवाज आला आणि मी दचकलो. म्हटलं, मांजरासारखा येऊ नकोस. तो म्हणाला, "मी मघापासून इथेच बसलोय." डाव्या बाजूला, सोफ्यावर. सगळ्या घरानेच मला वेड्यात काढायचं ठरवलंय.

९ मार्च

सापडली! अखेर सापडली!

साडेनऊनंतर शाळेच्या रस्त्याने निवांत येत होतो. वेग पंचवीसच्या वर नाही. शाळेपासून आमच्या वळणापर्यंत रस्ता रिकामा. मागे कुणीतरी उगाच हॉर्न बडवत होतं, मी लक्ष दिलं नाही. दुकानाशी डावीकडे वळलो आणि धाडकन! तीच निळी स्कूटर. या वेळी पार्सलं रस्ताभर झाली आणि तिचा गुडघा फुटला. ती रडतच होती. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. उतरण्याआधी मी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. लाल दिवा चालू होता, तुकडा कुलूपबंद झाला होता.

या वेळी तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि खोकी गोळा करायला लागली. बायको दुकानातून धावत आली ती माझ्याकडे नाही, तिच्याकडे गेली. हेही लक्षात ठेवीन.

कॅमेऱ्याचा पडदा आगपेटीएवढा आहे, त्यात धड काही कळत नाही. कळायची गरजही नाही, मी तिथे होतोच की.

१० मार्च

तिच्या कंपनीला पत्र पाठवलं. दोन पानं. "बेदरकारपणे", "वारंवार", "ज्येष्ठ नागरिकास", सगळे शब्द घातले. शेवटी लिहिलं की चलचित्राचा पुरावा आहे, प्रत्यक्ष येऊन पाहावा.

१३ मार्च

कंपनीच्या सुपरवायझरचा फोन आला. चौकशी होईपर्यंत तिचं काम थांबवलंय. बुधवारी येतोय, तिलाही आणतोय.

रस्त्यावर आज निळी स्कूटर नव्हती. चहा गोड लागला. बायकोने विचारलं, "तिच्या घरी कोण कोण आहे माहितीये तुम्हाला?" मी म्हटलं, नाही, आणि मला सांगूही नकोस. तिने सांगितलं नाही.

बुधवारी दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावणार. एरवी त्यावर चष्म्याच्या जाहिराती चालतात. सुनेला अर्धा दिवस रजा काढायला सांगितलं. पायरीवर हसलेल्या त्या माणसाला फोन करून चष्मा तयार आहे म्हणून सांगितलं. तयार नाही.

१८ मार्च

सगळं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितोय.

अकरा वाजता सगळे जमले. मुलगा, सून, सुपरवायझर, ती बाई, आणि तो हसणारा माणूस. तिच्या गुडघ्याला पट्टी होती. मी मुद्दाम तिला खुर्ची दिली नाही. बायकोने दिली.

मी टीव्हीच्या उजव्या अंगाला खेटून उभा राहिलो. हातात तक्त्यावरची अक्षरं दाखवायची छडी होती. म्हटलं, पूर्ण तीन मिनिटं दाखवतो, म्हणजे मी किती जपून चालवतो तेही कळेल. आणि सुरू केलं.

आधी आवाज आला. माझाच. विसरलोच होतो की हा आवाजही टिपतो. "ये, ये. आज ये तू समोर. आज बघतोच तुला." सुपरवायझरने खाली पाहिलं. मी म्हटलं, ते सोडा, रस्ता बघा. शाळेजवळचा भाग आला तेव्हा म्हटलं, हे पाहा, रिकामा रस्ता.

सून किंचाळली.

मला वाटलं, पाल वगैरे असेल. सगळे पडद्याकडेच बघत होते. मुलगा उठून उभा राहिला होता. मी विचारलं काय झालं. चित्र पुढे चाललं होतं, हॉर्न वाजत होता, एकदा, दोनदा, मग सतत. मी छडी समोर धरून म्हटलं, "अजूनही बघा, कुठेय ती? कुठेच नाही. आता एकदम येईल." आणि दणका बसला.

"बघितलंत?" मी म्हटलं.

तो हसणारा माणूस हसत नव्हता.

शेवटी ती बाईच बोलली, अगदी हळू. "काका, शाळेपासून पुढे मी सगळीकडे आहे त्यात. डावीकडे."

मी म्हटलं, कुठे डावीकडे? सून टीव्हीपाशी आली. तिने चित्र मागे नेलं, थांबवलं. "बाबा, माझ्या बोटाकडे बघा." तिने पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं. बोट दिसत होतं, नखसुद्धा दिसत होतं. मग तिने ते डावीकडे न्यायला सुरुवात केली. वीतभर गेलं असेल नसेल, आणि बोट संपलं. तिचा दंड होता, कोपर होतं, पुढे काही नव्हतं. अंधारही नव्हता. नुसतं काही नव्हतं.

बोट सरकवून नजरेची कड पाहायची ही तपासणी मी हजारो लोकांची केली आहे.

मी मान वळवली. मान वळवल्यावर दिसलं. निळी स्कूटर गाडीच्या पुढच्या चाकाच्या बरोबरीने, तिचा एक हात वर केलेला, तोंड उघडं. ओरडत होती. मी म्हटलं, आणखी मागे ने. सून म्हणाली, "नको बाबा." मी म्हटलं, ने.

शाळेसमोर, झेब्रा पट्ट्यांवर, डावीकडून एक मुलगी रस्त्यात उतरली होती. पाठीवर पिवळं दप्तर. चिमणीएवढीच असेल, फार तर एखाद्या वर्षाने मोठी. गाडी थांबत नाही म्हटल्यावर तिने मागे उडी मारली आणि फूटपाथवर बसकण मारली. पडद्यावर ती हातभर अंतरावरून गेली. आणि तेव्हा मी निवांत चालवत होतो. या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय.

मला खाली बसावं लागलं. खुर्ची कुणी दिली ते पाहिलं नाही. आवाज त्या बाईचा होता. "बसा काका," म्हणाली. तिने शिवी दिली असती तर सोसली असती. हे सोसवेना.

१९ मार्च

किल्ली बायकोला दिली. तिने ती पदरात बांधल्यासारखी मुठीत धरली आणि विचारलं, "रागावणार नाही ना?" म्हटलं, तुला कधीपासून ठाऊक होतं? म्हणाली, "कप सांडायला लागल्यापासून. तीनदा सांगितलं, तीनदा तुम्ही तक्ता वाचून दाखवलात." मग ती रडली, आणि मी तिचा हात शोधला. तो डावीकडे होता.

कंपनीला दुसरं पत्र पाठवलं. एकच पान. "बेदरकारपणे" हा शब्द याही पत्रात घातला, माझ्या नावापुढे.

पिवळ्या दप्तराचं काय करायचं ते कळत नाही. शाळेत जाऊन विचारावं तर काय म्हणून विचारू?

२४ मार्च

डॉक्टरकडे. मी गिऱ्हाइकांना पाठवतो तेच. त्यांनी प्रेशर मोजलं आणि बराच वेळ चेहरा साधा ठेवला. मी ओळखतो तो चेहरा, माझाही असतो.

मग नजरेच्या कडा मोजायचं यंत्र. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, बाजूला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला तरी बरेच दिवे लागले, बरीच बटणं दाबली, पण सगळे उजव्या अंगाचेच. डावा डोळा लावला, दोन-चार लागले, मग काहीच नाही. मी ठिपक्याकडे बघत बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिथल्या बाईंना विचारलं, "यंत्र बंद पडलं का हो?"

"नाही काका," त्या म्हणाल्या. "चालूच आहे."

गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. हे वाक्य मी किती जणांना किती सहज सांगितलंय.

३० मार्च

दुपारी नंबर लिहीत बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, डावीकडे." मान वळवली. स्कूटरवाली उभी होती, हातात खोकं घेऊन. केव्हापासून, विचारायची हिंमत झाली नाही.

"तुमचं पार्सल." कॅमेऱ्याची ती वायर. गाडी उभी असताना कॅमेरा चालू ठेवणारी.

मी म्हटलं, "माझं चुकलं. दोन्ही वेळा."

"माझं काम नऊ दिवस बंद होतं," ती म्हणाली. "आता परत घेतलंय. पण नऊ दिवस घरी सगळे मलाच विचारत होते, तू असं कसं चालवतेस म्हणून." रागाने नाही म्हणाली, पण माफ केल्यासारखंही नाही. कागद पुढे केला. "सही इथे. उजव्या कोपऱ्यात."

मी सही केली. ती दारापर्यंत गेली, थांबली. "डॉक्टरकडे गेलात ना?"

"गेलो."

"बरं झालं," म्हणाली, आणि पायरी उतरली. या वेळी पायरीवर ऐकायला कुणीच नव्हतं. असायला हवं होतं.

६ एप्रिल

आता रोज सकाळी चिमणीला बसच्या थांब्यावर मी नेतो. चालत. ती माझ्या डाव्या हाताला असते. तशी सूचना कुणी दिली नाही, तिने स्वतःच जागा बदलली. खड्डा आला की हात ओढते.

आज म्हणाली, "आबा, कॅमेऱ्यात चोर सापडला का रे?"

"सापडला."

"त्याला शिक्षा केली?"

"चालू आहे," मी म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि पुढचं विचारलं, जे तिच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं होतं. "मग तू मला गाडीतून कधी नेणार?"

म्हटलं, नाही नेणार. कधीच नाही. मला वाटलं होतं हे म्हणायला जड जाईल. जड गेलं नाही. डोळ्यांसमोर पिवळं दप्तर होतं, तोंडातून आपोआप आलं.

"आणि आपल्या लाल गाड्या?"

"तू बसमधून मोज. संध्याकाळी मला सांग."

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ती मागे वळली. "कुठल्या बाजूच्या?"

"दोन्ही," मी म्हटलं.